कीटकरक्त : वाढ व सुप्तावस्थेतील रसायन

कीटकांच्या शरीरगुहेत वाहणारा द्रव. हेमोलिंफ असेही म्हणतात. तो बंद रक्तवाहिन्यांतून फिरत नाही, सर्व अवयव त्यात थेट बुडालेले असतात. ऑक्सिजन पोचवण्याचे काम श्वासनलिका करीत असल्याने बहुतेक कीटकांच्या रक्तात हीमोग्लोबिन नसते. डबक्यातील कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या तांबड्या अळ्या हा ठळक अपवाद.

अथणी, रायबाग, चिकोडीकडील रानांत सुगीनंतर राहिलेले जोंधळ्याचे धसकट चैत्र-वैशाखात उभे चिरले, तर आत खोडकिड्याची अळी निपचित पडलेली सापडते. पिकात असताना तिच्या अंगावर दिसणारे गडद ठिपके आता जवळजवळ नाहीसे झालेले असतात. टाचणी टोचताच पाण्यासारखा, किंचित पिवळसर थेंब येतो. हवेत राहिला की काही मिनिटांत तपकिरी व मग काळा पडतो. टायरोसिनपासून बनलेल्या फिनॉलांवर फिनॉल-ऑक्सिडेज हे विकर काम करते व मेलॅनिन तयार होते, त्याचा हा रंग. जखम बुजवण्याची ती वाट आहे. रक्ताची तपासणी करणाऱ्याने मात्र नमुना लगेच बर्फावर ठेवावा लागतो.

घटक. मुख्य साखर ग्लुकोज नसून ट्रेहॅलोज. तिचे नाव ट्रेहाला या इराणकडील, लॅरिनस भुंगेऱ्यांच्या गोड कोषांवरून आले. बर्थेलो यांनी ती १८५८ च्या सुमारास त्यातून वेगळी केली. कीटकरक्तातील तिचे स्थान वायट व काल्फ यांनी १९५६-५७ मध्ये दाखवले. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून मेदपिंडात, म्हणजे चरबी व इतर साठा ठेवणाऱ्या अवयवात, ती बनते. मुक्त ॲमिनो आम्ले माणसाच्या रक्तद्रवापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतात. पाला खाणाऱ्या अळ्यांत सोडियम कमी, तर पोटॅशियम व मॅग्नेशियम भरपूर.

वाढ. शेवटच्या अळी-अवस्थेत मेदपिंड हेक्झामेरिन जातीची साठवण-प्रथिने रक्तात सोडतो; सहा घटकांचा हा रेणू सुमारे पाच लाख डाल्टनांचा असतो. कोष होण्याच्या सुमारास मेदपिंडच ती पुन्हा आत ओढून घेतो, आणि पतंगाचे पंख-पाय त्यांतून घडतात. कात कधी टाकायची हे एक्डायसोन हे संप्रेरक ठरवते. बूटेनांट व कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्याच्या सुमारे ५०० किलो कोषांतून ते अवघे २५ मिलिग्रॅम मिळवले. तरुणावस्था संप्रेरक रक्तात असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते.

सुप्तावस्था. ‘डायपॉज’ हा शब्द व्हीलर यांनी १८९३ मध्ये वापरला तो भ्रूणाच्या हालचालींतील एका टप्प्यासाठी. वाढ थांबण्याचा अर्थ हेन्नेगी यांच्याकडून (१९०४) आला, आणि केवळ प्रतिकूल हवेने येणाऱ्या तात्पुरत्या निश्चलतेपासून तिचा भेद शेल्फर्ड यांनी १९२९ च्या सुमारास केला. हा भेद पाळणे आवश्यक आहे; सोयीची हवा मिळूनही जी वाढ लगेच सुरू होत नाही, तीच खरी सुप्तावस्था.

खरा वाद ग्लिसरॉलचा, म्हणजे अंगातील पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचा. १९५७ ते १९५९ या काळात सॉल्ट, तसेच वायट व मेयर यांच्या कामातून सुप्त कीटकांत ग्लिसरॉल सापडले, आणि ते सुप्तावस्थेचेच लक्षण मानण्याकडे कल झाला. पुढे ग्लिसरॉल नसलेले सुप्त कीटक आणि सुप्त नसताना नुसत्या थंडीने ते बनवणारे कीटकही आढळले. रेशीमकिड्याच्या सुप्त अंड्यांत मात्र, चिनो यांनी दाखवल्याप्रमाणे, ग्लायकोजेनचे सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल होते, आणि तेही गोठवणारी थंडी नसताना. (अंड्यातील द्रव म्हणजे रक्त नव्हे, हे ध्यानात ठेवावे.) एकंदरीत ग्लिसरॉल हा थंडीचा जोडधंदा समजणे अधिक सयुक्तिक वाटते. बेळगाव-निपाणीच्या शिवारात गोठण नाही. इथल्या अळीला गाठायचा असतो तो कोरडा, चारा नसलेला उन्हाळा. थंड देशांतील गोठणरोधक रसायनाचे वर्णन तिला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल.

संप्रेरकांचे चित्र अवस्थेनुसार बदलते. सुप्त कोषात एक्डायसोनची उणीव असते. सुप्त अळीत, निदान कायलो (जोंधळा व भातावरील खोडकिड्यांची प्रजाती) व तिच्या जवळच्या खोडकिड्यांत, तरुणावस्था संप्रेरकाची पातळी टिकून राहते. १९५०च्या दशकाअखेर जपानमध्ये फुकाया व मित्सुहाशी यांनी भाताच्या खोडकिड्यावर हे मांडले. अशी अळी मधूनमधून कात टाकते, पण वाढत नाही. सुप्त प्रौढात उलट हे संप्रेरक घटते व अंड्यातील पिवळ्या बलकाचे प्रथिन व्हिटेलोजेनिन रक्तात येत नाही. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यात त्याऐवजी हेक्झामेरिन कुळातील प्रथिन साठते. उसाच्या पट्ट्यातील हुमणी, म्हणजे कन्नडमधील गोण्णे हुळ, हिचे भुंगेरे वळवापर्यंत जमिनीत थांबतात व पहिल्या सरीनंतर तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर येतात.

पूर्व आफ्रिकेतील खोडकिड्यांवरील प्रयोगांत पाणी मिळणे हा सुप्तावस्था मोडणारा संकेत दिसला. धसकटात पहिले पाणी शिरते तेव्हा अळीच्या रक्तातील तरुणावस्था संप्रेरक ओसरते, एक्डायसोन चढते, आणि काही दिवसांत तिचा कोष होतो. म्हणून आतल्या अळ्यांसह धसकटे वेचायची असतील तर ती वळवाआधीच वेचावी लागतात.