एका दाताचा फरक

सायकलची चेन उतरली की आपण ती हाताला येईल त्या दातावर चढवतो आणि पायडल मारतो. मोटारीच्या टायमिंग बेल्टला ही मुभा नाही. तोही दातेरी चाकांवरच बसतो, पण त्याचा कोणता दात कोणत्या खाचेत गेला यावर इंजिन चालणार की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावा लागणार, हे ठरतं.

विदर्भाच्या गावांत अजून फिरणाऱ्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, डिझेल इंडिका या सगळ्या बेल्टवाल्या. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत त्या जागी साखळी आली. रबरी दातेरी पट्ट्यावर चालणारी पहिली मोठ्या संख्येने विकलेली मोटार जर्मनीतल्या ग्लास या लहानशा कंपनीची, '१००४' नावाची, १९६२ सालची. साखळीपेक्षा आवाज कमी, वजन कमी आणि तेलाची गरज नाही. बाहेरून नुसतं रबर दिसतं, पण ताण सोसतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या. बेल्ट घडी घालून किंवा पीळ देऊन ठेवला तर याच दोऱ्या आतून मोडतात, आणि वरून काहीच कळत नाही. दुकानातून बेल्ट खिशात कोंबून आणणाऱ्याला म्हणून टोकावं.

आता त्याचं काम. पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. या दोघांना बेल्ट एका लयीत बांधून ठेवतो. हवा आत घेणं, ती दाबणं, स्फोट, धूर बाहेर टाकणं, या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा वर-खाली होतो, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅमशाफ्टची एकच फेरी. त्यासाठी कॅमच्या चाकाला क्रँकच्या दुप्पट दात: इथे २० तर तिथे ४०. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो.

या २० दातांच्या चाकावर बेल्ट एक दात सरकला तर क्रँकच्या हिशेबात १८ अंशांची चूक होते. गाडी बहुधा सुरू होते, पण घाटात दम सोडते, ॲव्हरेज पडतं, आणि मालक कार्बोरेटर खोलून बसतो. जास्त सरकला किंवा तुटला तर गोष्ट इंजिनाच्या रचनेवर जाते. पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येत असतील, तर पाळी चुकताच दोघांची टक्कर होते आणि वाकतो तो व्हॉल्व्ह.

बेल्ट किलोमीटरवर बदलायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, वर्षांचं कलम मात्र कोणी वाचत नाही. लग्न, दवाखाना, बाजार एवढ्यालाच निघणारी गाडी दहा वर्षांत ४०,००० किलोमीटरही चालत नाही, म्हणून बेल्ट नवाच आहे असं धरलं जातं. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतो आणि तापमान वाढलं की हा वेग वाढतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. असा बेल्ट गावच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात निभावून नेतो. तीच गाडी समृद्धी महामार्गावर तासन् तास दामटली की दात झिजलेत की नाही ते कळतं. तेल गळणारं सील असेल तर आणखी लवकर, कारण तेलाने रबर फुगतं. बेल्टसोबत सील आणि टेन्शनरही (बेल्टला ताण देणारं चाक) बदला म्हणणारा मेकॅनिक बिल फुगवतोच असं नाही.

बसवताना आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर आणायचा. यालाच गॅरेजमध्ये टीडीसी म्हणतात. क्रँकच्या चाकावरचा मार्क इंजिनावरच्या खुणेशी आणि कॅमचा मार्क हेडवरच्या खुणेशी मिळवायचा. बऱ्याच डिझेल इंजिनांत हाच बेल्ट इंधनाचा पंपही फिरवतो, तिथे तिसरा मार्क. मग क्रँकपासून सुरुवात करून टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत बेल्ट चढवायचा, म्हणजे सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे जमा होतो. ही बाजू थोडी जरी सैल राहिली तर ताण देताच कॅम फिरतो आणि मिळवलेला मार्क निसटतो.

इंजिन थंड हवं. ॲल्युमिनियम तापलं की पसरतं: चाकांमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरलं तर ६० अंशांच्या वाढीला जवळपास अर्धा मिलिमीटर. काचेच्या दोऱ्या तेवढ्या पसरत नाहीत, त्यामुळे गरम इंजिनात बेल्ट आपोआप घट्ट होतो. तापलेल्या इंजिनावर बरोबर वाटलेला ताण सकाळी सैल पडतो आणि दात उडी मारतो. उलट फार आवळला तर बेल्ट कुईं करतो आणि बेअरिंग खातो.

यानंतर चावी द्यायचा मोह होतो. "सेल्फ मारू नका जी, पहिले हातानं फिरवू द्या," असं म्हणणारा मिस्त्री चांगला समजावा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पूर्ण दोन फेऱ्या द्यायच्या. एक फेरी पुरत नाही, कारण तेवढ्यात कॅम अर्धाच फिरतो आणि त्याचा मार्क उलट्या बाजूला असतो. दोन फेऱ्यांनी क्रँक आणि कॅमचे मार्क पुन्हा समोर आलेच पाहिजेत. बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळत नाहीत, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. स्पार्क प्लग काढून ठेवले तर हवेच्या दाबाचा अडथळा राहत नाही, मग मध्येच पाना अडकला तर कारण हाताला लगेच कळतं: व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे. तिथे जोर लावायचा नाही. बेल्ट उतरवायचा आणि मार्क पहिल्यापासून मिळवायचे.