वेअरवुल्फ (शब्दव्युत्पत्ती)

लांडग्याचे रूप घेणारा मनुष्य, या अर्थाचा इंग्रजी सामासिक शब्द. युरोपीय लोककथांतून तो आधुनिक अद्भुतकथांत आला. ‘वुल्फ’ या उत्तरपदाविषयी मतभेद नाही. ग्रीक ‘ल्युकोस’, लॅटिन ‘लुपुस’ आणि संस्कृत ‘वृक’ हे त्याचेच सगोत्र शब्द होत. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावातला वृक तो हाच.

वाद आहे तो पूर्वपदाचा. सामान्यतः ते जुन्या इंग्रजीतील ‘वेर’ म्हणजे पुरुष, असे मानतात. लॅटिन ‘विर’ आणि संस्कृत ‘वीर’ यांच्याशी नाते असलेला हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास वापरातून गेला, मात्र ‘वर्ल्ड’ या शब्दात (मुळात ‘मनुष्याचे युग’) तो अजून दडलेला आहे. या मतावरचा मुख्य आक्षेप रूपाचा आहे : हत्येच्या भरपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘वेरगिल्ड’ या समासात ‘वेर’नंतर स्वर येत नाही, तर येथे ‘वेरेवुल्फ’ असे रूप आढळते. म्हणून काहींनी पूर्वपदाचा संबंध वस्त्र पांघरणे या अर्थाच्या जर्मानिक (इंग्रजी, जर्मन इ. भाषांच्या कुळातील) धातूशी जोडला व ‘लांडग्याचे कातडे पांघरलेला’ असा अर्थ सुचविला. संस्कृत ‘वस्त्र’ याच धातुकुळातील आहे. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) साहित्यातील ‘उल्फहेदनार’ हे वृकचर्मधारी योद्धे या मताला आधार देतात. तथापि एका स्वरावर एवढा भार टाकणे धाडसाचे ठरते. ग्रीक ‘ल्युकान्थ्रोपोस’ या शब्दातही वृक आणि मनुष्य हीच जोडी असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इंग्लंडचा राजा कनूट याच्या कायद्यांत, बहुधा १०२० च्या सुमारास, मिळते. त्या कायद्यांचा मसुदा यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांचा मानला जातो. तेथे बिशप हे मेंढपाळ आणि ‘वेरेवुल्फ’ म्हणजे कळपावर तुटून पडणारा सैतान, असे रूपक आहे. मनुष्याचा लांडगा होण्याचा तेथे उल्लेख नाही, ही गोष्ट व्युत्पत्ती ठरविताना विसरता येत नाही. रूपांतराचा स्पष्ट अर्थ तेराव्या शतकाच्या आरंभी टिलबरीचा जर्व्हेस या इंग्रज लेखकाने लॅटिनमध्ये नोंदविला असून, फ्रेंच लोक ज्यांना ‘जेरुल्फ’ म्हणतात त्यांना इंग्रज ‘वेरेवुल्फ’ म्हणतात, असे तो सांगतो. फ्रेंचमधील ‘लू-गारू’ या नावातला ‘गारू’ याच जर्मानिक समासापासून आला. त्यातला लांडगा ओळखू येईनासा झाल्यावर पुढे ‘लू’ (लांडगा) जोडला गेला व अर्थाची द्विरुक्ती झाली.

पुढे पूर्वपद सुटे होऊन उपसर्गासारखे वापरले जाऊ लागले. मलाय लोककथांतील वाघ होणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘वेअरटायगर’ म्हणतात, ते याच रीतीने.