सोन्याचे कवच आणि ८०० नॅनोमीटरचे शिखर

सिलिकाच्या गोल कणांवर सोन्याचे पातळ कवच चढवले की द्रावण सोनेरी नव्हे, हिरवट-निळसर दिसते. प्रकाश सर्वांत जास्त अडतो तो मात्र डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हलास आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की गाभा तोच ठेवून कवचाची जाडी बदलली तर हा पट्टा हवा तिथे सरकवता येतो. १२० नॅनोमीटर व्यासाच्या गाभ्यावर ५ नॅनोमीटरचे कवच असेल तर शिखर, म्हणजे प्रकाश सर्वांत जास्त अडतो ती तरंगलांबी, १००० नॅनोमीटरच्या आसपास येते. कवच जाड होत जाईल तसे ते दृश्य प्रकाशाकडे सरकते. औषधवहनासाठी, म्हणजे कणांवर औषध लादून ते शरीरात पोचवण्यासाठी, शिखर साधारण ८०० नॅनोमीटरला आणायचे असते, कारण ६५० च्या खाली हिमोग्लोबिन प्रकाश गिळते आणि ९०० च्या पुढे पाणी.

कवच एका दमात चढत नाही. सिलिकाच्या पृष्ठभागावर आधी अमिनो गट (सोने धरून ठेवणारे नायट्रोजनयुक्त रासायनिक गट) बसवतात, त्यावर २-३ नॅनोमीटरचे सोन्याचे दाणे चिकटवतात. हे दाणे जेमतेम पाव ते एक तृतीयांश पृष्ठभाग व्यापतात. मग पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या क्लोरोऑरिक आम्लात (सोन्याच्या विरघळलेल्या संयुगात) कण मिसळून फॉर्माल्डिहाइड टाकले, की दाणे वाढून एकमेकांना भिडतात आणि काही मिनिटांत रंग पालटतो.

खरी परीक्षा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश अडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, होते. आलेख ४०० ते ११०० नॅनोमीटरपर्यंत पूर्ण घ्यावा. फक्त ८०० चा आकडा टिपणे म्हणजे नाडी न बघता ताप मोजणे. ५२०-५३० ला खांदा (छोटा उंचवटा) दिसला तर कवचात न गेलेले सुटे सोने द्रावणात तरंगते आहे. कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी टाकावे. शिखर फार लांब तरंगलांबीला आणि पसरट असेल तर कवच अर्धवट आहे, सोन्याची सुटी बेटेच झाली आहेत. शिखर बसके होऊन लांब तरंगलांबीकडे शेपूट निघाले, तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले आहेत. या शेवटच्या बिघाडाला बहुधा मीठ जबाबदार असते. म्हणून कणांवर थायॉल (सोन्याला घट्ट चिकटणारा गंधकयुक्त गट) असलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण देतात आणि थोड्या नमुन्यात मिठाचे द्रावण घालून आलेख पुन्हा घेतात. तो जसाच्या तसा राहिला तरच पुढे जावे. शिरेतून द्यायचे द्रावणही सलाइनऐवजी १० टक्के ट्रेहॅलोज साखरेत करता येते. दीडशे नॅनोमीटरचे हे कण जड असतात, क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) हळूहळू तळाशी बसतात. मोजण्याआधी हलवले नाही तर आकडा कमी येतो आणि दोष उगाच कृतीला दिला जातो.

रक्तात गेल्यावर काय? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेच तत्त्व उपयोगी पडते. ८०५ नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन जवळजवळ सारखाच प्रकाश शोषतात. त्यामुळे ६६० आणि ९४० च्या जोडीला तिसरा दिवा ८०५ चा ठेवला, तर तिथे वाढलेले शोषण ऑक्सिजनच्या चढउताराचे नसून कणांचे, असे वेगळे काढता येते. उंदरांत अशा उपकरणाने रक्तातले कण कमी होताना पाहिले गेले आहेत. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा उचलतात.

इथे एक गल्लत सर्रास होते: हा संकेत वाहनाचा आहे, औषधाचा नाही. कण अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) पोचले म्हणजे औषध सुटले असे नव्हे. त्यासाठी वेगळी खूण लागते. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाची चमक सोन्याला लगटून असताना मंदावते आणि सुटल्यावर ५९० च्या आसपास परतते. ती वेगळ्या वाहिनीवर मोजावी. लेसरने औषध सोडवत असाल तर आधी आणि नंतर आलेख घ्यावा. तीव्र स्पंदित लेसरने कवच वितळते, ८०० चे शिखर खचते आणि ५३० जवळ नवे उगवते. असे दिसले तर ऊर्जा कमी करून नवा नमुना घ्यावा. कवच वितळलेल्या नमुन्यातले सुटलेल्या औषधाचे मोजमाप मोजणीत धरू नये.