माशीला चार पंख आले, पण खंड वाढला नाही

चार पंखांच्या फळमाशीचा फोटो जीवशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत असतो. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी एवढीशी ड्रोसोफिला, तिला एरवी दोनच पंख. फोटोतल्या माशीला मात्र चार. तो पाहून पुष्कळांच्या मनात बसतं ते असं, की जनुक बिघडलं आणि माशीच्या अंगात एक जादा खंड, म्हणजे शरीराचा एक जादा आडवा भाग, आला. तसं झालेलं नसतं. त्या माशीच्या वक्षाचे खंड मोजले तर तीनच भरतात. तिसऱ्या खंडावर उडताना तोल सांभाळणारे दोन बारीक दांडे असायला हवेत, तिथे पंख आलेत. तिसरा खंड दुसऱ्यासारखा वाढला, इतकंच.

शरीराचे खंड घडवणाऱ्या जनुकांचे दोन गट आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. घराचे खण पाडणं वेगळं आणि कुठल्या खणात चूल मांडायची हे ठरवणं वेगळं. पहिलं काम खंड पाडणाऱ्या जनुकांचं, दुसरं हॉक्स जनुकांचं.

फळमाशीत पहिलं काम विलक्षण वेगाने उरकतं. हंचबॅक, क्रूपेल यांसारखी जनुकं आधी अंड्याचे ढोबळ पट्टे आखतात; जनुक जिथे चालू असतं तो त्याचा पट्टा. मग इव्हन-स्किप्डसारखी जनुकं त्यांवरून सात पट्टे काढतात आणि एनग्रेल्ड त्यांचे चौदा करतं. अंडं घातल्यापासून सात पट्टे उमटेपर्यंत साधारण तीन तास जातात. पट्टे काढणारी ही सुरुवातीची जनुकं त्यानंतर लवकरच मावळतात. हॉक्स जनुकांचं तसं नसतं. कुठल्या भागात कुठलं हॉक्स जनुक चालू राहणार हे एकदा ठरलं की ती आठवण पेशींच्या पुढच्या पिढ्यांतही जपली जाते. अळीची माशी होईपर्यंत तिसऱ्या खंडाला आपण तिसरे आहोत हे माहीत असावं लागतं. ते काम अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं हॉक्स जनुक करतं, आणि चार पंखांच्या माशीत नेमका त्याच्याच कामात बिघाड झालेला असतो.

गल्लत होण्यात 1995 च्या नोबेल पारितोषिकाचाही वाटा असावा असं मला वाटतं. एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्नियात अनेक दशकं खंडांची ओळख बदलणाऱ्या माश्या अभ्यासल्या. क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हायडेलबर्गला हजारो बिघडलेल्या अळ्या तपासून खंडांची संख्या व आखणी ठरवणारी जनुकं शोधली. 1980 च्या त्यांच्या शोधनिबंधात अशी 15 जनुकं होती. पारितोषिक तिघांना एकत्र मिळालं आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यात दोन्ही शोध एक होऊन बसले. ओळखायची खूण मात्र सोपी आहे. जनुक बिघडल्यावर खंड गहाळ झाले किंवा एकमेकांत मिसळले तर ते पहिल्या गटातलं. खंड तेवढेच राहून त्यांचं रूप बदललं तर दुसऱ्या.

याचा सर्वांत लख्ख पुरावा साठवणीच्या पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्याने, म्हणजे ट्रायबोलियमने दिला. 1991 मध्ये अशा भुंगेऱ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, ज्याच्या गुणसूत्रातून हॉक्स जनुकांचा मोठा गठ्ठाच गळालेला होता. त्याचे भ्रूण अंड्याबाहेर जगू शकत नव्हते, पण त्यांचे खंड पूर्ण होते. जबडे नव्हते, पाय नव्हते. डोक्यापासून मागे खंडामागून खंड, आणि प्रत्येकावर स्पर्शिकांची जोडी. खंड आखले गेले होते, त्यांना वेगवेगळी ओळख देणारं कोणी उरलं नव्हतं. दोन कामं वेगळी असल्याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

कामं वेगळी आहेत म्हणूनच उत्क्रांतीत एक बदललं तरी दुसरं जागेवर राहू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारी गोम घ्या. गोमींच्या जातींमध्ये पायांच्या जोड्या 15 पासून 191 पर्यंत असतात आणि आकडा नेहमी विषम. मोठ्या गोमींत बहुधा 21 जोड्या. गोमीचे खंड माशीसारखे एका दमात न पडता शेपटीकडून एकामागून एक वाढतात. युरोपच्या किनाऱ्यावरच्या स्ट्रिगेमिया गोमीच्या भ्रूणात ते आधी दोन-दोनच्या हिशेबाने आखले जातात असं 2004 मध्ये दिसलं, आणि सम आकडा का सापडत नाही याचं एक पटणारं कारण मिळालं. हा सगळा पहिल्या गटाचा कारभार. पण गोम चावते ती तोंडाने नव्हे. ज्या विषारी नांग्या ती रुतवते ते धडाच्या पहिल्या खंडाचे पाय आहेत. पायाची नांगी होणं हा ओळखीतला बदल. एकाच प्राण्यात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी पाहायला मिळतात.

खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्याकडे उलटा प्रकार आहे. त्यांच्या वक्षाचे खंड आठ, त्यात घट-वाढ नाही. खेकड्याचे दहा पाय आपण मोजतो, पण त्यांच्या पुढे तोंडाशी आणखी तीन जोड्या असतात, घास धरणाऱ्या. तीन आणि पाच मिळून आठ. कोळंबीसारख्या दिसणाऱ्या क्रिलमध्ये मात्र अशा घास धरणाऱ्या वेगळ्या जोड्या नसतात. मिकॅलिस अवेरॉफ आणि निपम पटेल या जीवशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये दाखवलं की अल्ट्राबायथोरॅक्स चालू असलेल्या भागाची पुढची सीमा जिथे मागे सरकली आहे, तिथे सीमेपुढचे पाय घास धरणारे झाले आहेत. पुढे पार्‌हायेल नावाच्या छोट्या कवचधारी प्राण्यात हे जनुक दाबल्यावर चालायचे पाय खरोखर तोंडाशी असतात तसे होऊ लागले. खंडांची संख्या न हलवता उत्क्रांती किती काम करून घेते हे मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

तरीही दोन गटांमधली भिंत पक्की नाही. दोन्हींतल्या बऱ्याच जनुकांत डीएनएच्या 180 अक्षरांचा होमिओबॉक्स हा तुकडा असतो; त्यामुळे होमिओबॉक्स दिसला म्हणून जनुक हॉक्स ठरत नाही. त्याहून मोठा पेच फुशी ताराझू नावाच्या जनुकाचा. हे जनुक गुणसूत्रावर हॉक्स जनुकांच्या रांगेतच बसलेलं आहे, त्यांचंच भावंड. पण फळमाशीत ते खंड पाडतं, आणि नसेल तर निम्मे खंड गायब होतात. वर सांगितलेल्या भुंगेऱ्यात ते गठ्ठ्याबरोबर गळालं होतं, तरी खंड पूर्ण होते. टोळात तर त्याचे पट्टेच दिसत नाहीत.

म्हणजे हे जनुक ओळख देणाऱ्यांतून खंड पाडणाऱ्यांत गेलं. 2001 मध्ये ही वाट प्रयोगात सापडली. टोळ, भुंगेरा आणि माशी या तिघांचं फुशी ताराझू आळीपाळीने फळमाशीत चालवून पाहिलं. टोळाचं अजूनही हॉक्ससारखं वागलं आणि अवयवांची ओळख बदलू लागलं. माशीच्या स्वतःच्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाला ते जमत नाही. ते खंडांच्या आखणीतच ढवळाढवळ करतं. भुंगेऱ्याच्या प्रथिनात हॉक्सच्या जोडीदाराला, म्हणजे सोबत काम करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला, धरणारी जुनी जागा शाबूत आहे आणि खंड पाडण्यातल्या जोडीदाराला धरणारी नवी जागाही आलेली आहे. त्याने दोन्ही कामं थोडी-थोडी केली.