घरट्याची जागा सांगायची की लपवायची?

दुर्मीळ शिकारी पक्ष्याचं घरटं सापडलं की मुरलेला पक्षीनिरीक्षक फोटो दाखवतो, तारीख सांगतो; जागा विचारली की मात्र विषय बदलतो. नवख्यांना हा शिष्टपणा वाटतो. पण या मौनामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात चोरट्या शिकाऱ्यांइतकाच निसर्गवेड्यांच्या गोतावळ्याचाही हात आहे.

मुळात चोरटी शिकार हा राजाच्या मालमत्तेवरचा गुन्हा होता, प्राण्याचा त्यात विचार नव्हता. अकराव्या शतकात नॉर्मन राजांनी इंग्लंडमधली मोठाली रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर तोंडाला काळं फासून, हत्यारं घेऊन अशा रानात शिरणाऱ्याला थेट फाशी ठेवली. पुढे आफ्रिकेतल्या वसाहतींत तोच कित्ता गिरवला गेला: साहेबाने मारला तर तो खेळ, गावकऱ्याने मारला तर ती चोरी. रानालगतच्या माणसांचा वनरक्षकांवर आजही पटकन विश्वास बसत नाही, त्याचं एक मूळ इथे आहे.

एकोणिसाव्या शतकात निसर्ग-अभ्यास म्हणजे बंदूक आणि अंड्यांनी भरलेलं कपाट. पक्षी जितका दुर्मीळ, तितकी त्याच्या अंड्याला मागणी. ग्रेट ऑक या न उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली, तीही संग्राहकांसाठीच. (गंमत अशी, की याच कपाटांमुळे १९६७ मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांना जुन्या-नव्या अंड्यांची तुलना करता आली आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं दिसलं. त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक होतं, हे पुढे स्पष्ट झालं. पण म्हणून काही त्या चोऱ्या माफ होत नाहीत.)

अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून जास्तीत जास्त पशुपक्षी मारण्याची चढाओढ लागायची. १९०० मध्ये पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, मारू नका, मोजा. त्या वर्षी २७ जणांनी केलेली ती गणना आजही दरवर्षी होते. म्हणजे हौशी पक्षीनिरीक्षण ज्या घरात वाढलं, त्याच घरात शिकारही होती. टोपीवरच्या पिसांसाठी तेव्हा बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती साफ होत होत्या. १९०५ मध्ये फ्लोरिडात गाय ब्रॅडली या पक्षीरक्षकाला गोळी घालून ठार करण्यात आलं.

जागा सांगण्या-लपवण्याचा खरा पेच उभा राहिला तो स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टन तळ्याकाठी. मासे पकडून खाणारा ऑस्प्रे ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला होता. त्यात शिकार आणि अंडीचोरी दोन्हींचा वाटा होता. पन्नाशीच्या दशकात एक जोडी परतली. बातमी गुप्त ठेवली गेली, रात्रंदिवस पहारा बसला. तरीही १९५८ मध्ये रात्रीच्या अंधारात एकजण झाडावर चढला. नंतर खाली ऑस्प्रेची फुटलेली अंडी सापडली आणि घरट्यात चोराने त्यांच्या जागी ठेवलेली, बुटाचं तपकिरी पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी! पुढच्या वर्षी पक्षीसंरक्षक जॉर्ज वॉटरस्टन यांनी डाव उलटवला. जागा जाहीर केली, सुरक्षित अंतरावर दुर्बिणी लावल्या आणि लोकांना बोलावलं. त्या मोसमात सुमारे १४ हजार माणसं आली आणि तीन पिल्लं उडाली. इतके डोळे लागलेल्या झाडावर चढणार कोण? माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात धाडसी निर्णय आहे. पण तो प्रत्येक ठिकाणी चालणारा नाही. त्याला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि गर्दी सोसणारा पक्षी लागतो.

कायदे होत गेले. ब्रिटनने १९५४ मध्ये रानपक्ष्यांना व्यापक संरक्षण दिलं, १९७३ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइटीस’ करार झाला. मात्र इंटरनेट आलं तसं जागा शोधण्याचं कामच सोपं झालं. गोनिउरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. शोधनिबंधात ठिकाण होतंच. तिथली संख्या पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी संपवली गेली, असं मानलं जातं. २०१५ मध्ये याच प्रजातीगटातल्या दोन नव्या पाली जाहीर करताना संशोधकांनी नेमकी जागा छापलीच नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यातल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यात येत होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, तो सर्व्हरने अडवला. पक्षीनोंदींच्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळाने २०१७ पासून संवेदनशील प्रजातींच्या नोंदी झाकायला सुरुवात केली, सगळ्या जिवांच्या नोंदी ठेवणारं ‘आयनॅचरलिस्ट’ धोक्यातल्या जिवांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ करून दाखवतं.

माहितीची भीती चोरट्यांनाही असते. मेलेल्या हत्तीवर गिधाडं घिरट्या घालू लागली की रक्षकांना दुरूनच सुगावा लागतो. म्हणून शिकारी कलेवरालाच विष लावून ठेवतात. बोत्सवानात २०१९ मध्ये अशा तीन हत्तींपाशी ५३७ गिधाडं मरून पडली. ज्यांना कुणी मारायला आलंच नव्हतं, असे इतर जीवही या विषाने जातात. तारेच्या फासाचंही तेच. लावला हरणासाठी, तरी गुरं, कुत्री, बिबटे, जो अडकेल तो अडकेल.

याचा भुर्दंड गावाला आणि निरीक्षकाला दोघांनाही बसतो. कॅमेरा घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिलं जातं, वाटा बंद होतात. ज्या गुराख्याला रानातली प्रत्येक ढोली ठाऊक असते, तोही बोलेनासा होतो. लपवण्यालाही किंमत आहेच. जी नोंद कुणाला दिसत नाही, ती खाणीचा किंवा रस्त्याचा नकाशा आखणाऱ्यालाही दिसत नाही. त्यामुळे हल्ली बऱ्याच नोंदव्यवस्था मधला मार्ग काढतात: लोकांना ढोबळ ठिकाण, आणि नेमकी जागा फक्त संवर्धनाचं काम करणाऱ्यांना, तीही मागणी तपासून.