क्रमांक एकची प्रोसेस

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू झाला, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आधी स्वतःची जुळवाजुळव करतो आणि मग एक प्रोग्रॅम चालू करतो. त्याचा प्रोसेस क्रमांक १. लॉगिनचा पडदा, नेटवर्क सांभाळणारी सेवा, तुमचा ब्राउझर हे सगळे याच्याच पुढच्या पिढ्या. ब्राउझर कोसळला तर पुन्हा उघडता येतो. क्रमांक १ कोसळला, तर मात्र कर्नल ‘पॅनिक’ जाहीर करतो आणि अख्खं यंत्र जागच्या जागी थांबतं.

म्हणून एखादा भाग विश्वासार्ह आहे का, हे विचारण्याआधी मी एक वेगळा प्रश्न विचारतो: हा पडला, तर सोबत काय काय घेऊन पडेल?

बहुतेक चर्चा मात्र ओळी मोजण्यापासून सुरू होतात. १९९१ साली लिनक्सचा कर्नल सुमारे १० हजार ओळींचा होता, आज तो तीन कोटींच्या पुढे गेला आहे. आकडा छाती दडपून टाकतो, पण त्यातला फार मोठा वाटा निरनिराळी उपकरणं चालवणाऱ्या कोडचा, म्हणजे ड्रायव्हरचा आहे आणि एका यंत्रावर त्यातले मोजकेच चालतात. ओळींपेक्षा त्यातले फाटे महत्त्वाचे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली नेमकी हीच मोजणी सुचवली: कोडमध्ये ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ असे निर्णय किती ठिकाणी घेतले जातात? एकमेकांवर अवलंबून नसलेले असे ३० निर्णय एकापाठोपाठ आले, तर वाटा होतात १०७ कोटींहून अधिक. एवढ्या सगळ्या वाटा कुठलीही चाचणी चालून पाहू शकत नाही. चाचणीतून बग आहेत हे दाखवता येतं, ते नाहीत हे दाखवता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी बजावलं होतं ते यासाठीच.

‘इतकी वर्षं चालतंय, कधी त्रास नाही’ हा युक्तिवाद तर मला अधिकच धोक्याचा वाटतो. ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी कर्नलमध्ये २००७ साली आली आणि २०१६ साली दुरुस्त झाली. मेमरीच्या एकाच पानावर दोन कामं एका विशिष्ट क्रमाने, क्षणाच्या अंतराने एकमेकांत शिरली, तरच ती प्रकट होत असे. रोजच्या वापरात असा योग सहसा जुळत नाही. हल्लेखोर मात्र तो मुद्दाम, जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा घडवून आणतो. बॅश शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली ‘शेलशॉक’ ही त्रुटी तर १९८९ पासून २०१४ पर्यंत लपून होती. जुना कोड रुळलेल्या वाटांपुरता पारखलेला असतो, आडवाटांबद्दल त्याचं वय काहीच सांगत नाही.

आता अधिकारांचं पाहू. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरला माहितीची एक छोटी फाइल मिळाली. त्या फाइलला २१ मूल्यं तपासून हवी होती, ती वाचणाऱ्या कोडला पुरवली गेली होती २०. एकविसावं शोधताना तो आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. साध्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक झाली असती, तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडला असता. पण हा कोड विंडोज कर्नलच्या आत चालत होता, आणि सुमारे ८५ लाख यंत्रं कोलमडली.

गाभा लहान ठेवला तर काय साधतं, हे ‘एसईएल४’ या मायक्रोकर्नलने (अगदी आवश्यक तेवढीच कामं ठेवलेल्या छोट्या कर्नलने) २००९ साली दाखवलं. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी, आणि त्या ठरलेल्या वर्णनाप्रमाणेच वागतात याची गणिती सिद्धता संगणकाकडून पडताळून घेतलेली. त्या सिद्धतेचा पसारा दोन लाख ओळींच्या घरात गेला! शिवाय हार्डवेअर बरोबर चालतं हे त्यात गृहीत धरलेलंच आहे. कोट्यवधी ओळींच्या कर्नलसाठी हा मार्ग आज तरी आवाक्याबाहेरचा आहे.

मग रोजच्या व्यवहारात करण्यासारखं एक काम उरतं: गाभ्याला काय काय चिकटलंय ते शोधून सोडवणं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. ते मागे लागले, आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडमध्ये) पेरलेली चोरवाट सापडली. लॉगिनच्या प्रोग्रॅमला फाइल दाबण्याशी काय देणंघेणं? काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडीची, म्हणजे तिथे क्रमांक १ म्हणून चालणाऱ्या प्रणालीची, लायब्ररी जोडली होती, ‘मी तयार आहे’ एवढा निरोप क्रमांक १ ला देण्यासाठी, आणि तिच्यामागून एक्सझेडही आत आली होती. सिस्टमडी आता अशा लायब्रऱ्या गरज पडली तरच उघडते. त्याच वर्षी ओपनएसएसएचनेही, म्हणजे त्या लॉगिनच्या प्रोग्रॅमनेही, तो निरोप पाठवणारा छोटासा कोड स्वतः लिहिला आणि त्या कामासाठी बाहेरची लायब्ररी लागेनाशी झाली.