जमीन मालकाची असली तरी घर हलवायला लावणे त्याच्या मर्जीवर नाही

अमेरिकेत कारखान्यात तयार झालेले घर (मोबाइलहोम) विकत घेऊन ते भाड्याच्या भूखंडावर ठेवणाऱ्यांविषयी असा समज फार वर्षांपासून पसरलेला आहे की, जमीन मालकाची असल्यामुळे तो महिन्याभराच्या सूचनेवर त्यांना केव्हाही हटवू शकतो. कॅलिफोर्नियापुरते तरी हे साफ चुकीचे आहे.

तेथे १९७८ मध्ये झालेल्या मोबाइलहोम रेसिडेन्सी कायद्यानुसार भाडे थकवणे, वाजवी नियम मोडणे किंवा वसाहतीच्या जागेचा वापर बदलणे अशा कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज भाडेकरार संपवता येत नाही, आणि कारण असले तरी किमान ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. मालकाकडून नवे घर घेणाऱ्या ग्राहकाला भूखंड मिळावा म्हणून जुन्या रहिवाशाला काढणे तर स्पष्टपणे निषिद्ध आहे. भाडेवाढीसाठी ९० दिवस आधी लेखी कळवावे लागते. मात्र वाढ किती असावी याची मर्यादा मुख्यतः स्थानिक नियमांवर अवलंबून असते, आणि ती सर्वत्र नाही.

एवढे संरक्षण का, हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. कॅलिफोर्नियातील एस्कॉन्डिडो शहराच्या भाडेनियंत्रणाविरुद्धचे आव्हान १९९२ मध्ये फेटाळताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की, अशा शंभर घरांपैकी जेमतेम एक घर पुढे कधी हलवले जाते, कारण हलवण्याचा खर्चच अनेकदा घराच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो. म्हणून सूचना हाती पडताच घर मिळेल त्या भावाला विकण्याची घाई रहिवाशाने करू नये. तीत दिलेले कारण कायद्यात बसते का, हे आधी तपासून घ्यावे.